लाल चवळीचा चिनी केक: पीठ कमी, कडधान्य जास्त

चिनी लोक याला होंगदौगाओ म्हणतात. होंग म्हणजे लाल, दौ म्हणजे कडधान्याचा दाणा आणि गाओ म्हणजे वाफवून थिजवलेली वडी. नावाचं भाषांतर ‘केक’ असं झालं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. यात मैदा, अंडं, बेकिंग पावडर काही लागत नाही, ओव्हनही लागत नाही. पिठाचं घट्टसर मिश्रण, त्यात शिजवलेले लाल दाणे, गोडाला चिनी ढेपेची साखर, आणि वर पाऊण तासाची वाफ. पाटवडी आणि फुणके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) यांच्या मधली ही वस्तू आहे, फक्त गोड. ज्या घरात कढी-फुणके होतात त्या घरात लागणारी भांडी सगळी आहेत.

चिनी भाषेत ‘गाओ’ या उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ उंच. म्हणून नव्या वर्षाला गाओ खायचा, म्हणजे वर्षागणिक माणूस वर चढत जातो. हे नवं वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान येतं, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर. थंडी असते, पदार्थ टिकतो. आपल्याकडेही हा केक करायला पौष-माघ हेच महिने बरे. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ वर असताना शिजवलेलं कडधान्य बाहेर ठेवायची सोय नाही.

आता हा केक ‘पौष्टिक’ करायचा म्हणजे काय, त्याकडे येऊ. साखर काढून गूळ घातला की पदार्थ पौष्टिक झाला, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास उष्मांक, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्ताला या दोघांतला फरक जवळजवळ कळत नाही. गुळाची चव छान आणि ती चिनी ढेपेच्या साखरेच्या जवळ जाते, म्हणून गूळ घ्यायचा. औषध म्हणून नाही. खरा फरक पडतो तो प्रमाणात. बऱ्याच जुन्या कृतींत पीठ दाण्यांच्या दीडपट-दुपटीनं असतं आणि साखर पिठाच्या निम्म्याहून जास्त. दाणे नुसते मधून मधून दिसतात. इथे दिलेल्या कृतीत कोरडे दाणे आणि पीठ जवळजवळ सारखे आहेत, गूळ पिठाच्या बरोबर निम्मा, दाण्यांची सालं काढलेली नाहीत आणि तळण नाही. एवढंच केलं तरी पुष्कळ झालं.

दाणे कोणते

मूळ दाणा अझुकी. मुगापेक्षा थोडा मोठा, गर्द लाल, डोळ्याच्या जागी पांढरी रेघ. आपल्याकडच्या किराणा दुकानात तो मिळत नाही. ऑनलाइन मिळतो, पण महाग पडतो आणि कधी कधी इतका जुना असतो की शिजतच नाही. जळगाव डाळींचं एवढं मोठं ठाणं, तिथे बसून कडधान्य बाहेरून मागवणं जरा विनोदीच. मूग, उडीद, मटकी, चवळी आणि अझुकी ही सगळी वनस्पतिशास्त्रात विग्ना या एकाच वंशातली भावंडं आहेत. त्यातली लहान लाल चवळी आकारानं, पिठूळपणानं आणि चवीनं अझुकीच्या सगळ्यात जवळ. पांढरी, काळ्या डोळ्याची मोठी चवळी चालेल, पण तिची साल सैल असते आणि केक फिकट दिसतो.

राजमा लाल असतो म्हणून लोक तो घेतात. तो वेगळ्या वंशातला आहे, साल जाड आहे आणि कच्चट राहिला तर त्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होतात. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवला तर तो धोका जातो, पण जाड सालीमुळे वडी कापताना दाणा सुरीबरोबर ओढला जातो आणि भोक पडतं. अख्खा मसूर पार विरघळतो. मटकी चवीला सुंदर लागते, फक्त दाणा बारीक असल्यामुळे केकपेक्षा खिचडी वाटते. कुळीथ नको, त्याचा उग्रपणा गुळात आणखी वर येतो.

चवळी १५० ग्रॅम घ्या. निवडताना सुरकुतलेले, चकाकणारे टणक दाणे आणि भोकं पडलेले दाणे बाजूला काढा. सहा तास भिजवून पुन्हा एकदा हात फिरवा: जे दाणे फुगलेले नाहीत ते गणंग. ते कुकरमध्येही गणंगच राहतात आणि नेमके दाताखाली येतात. अझुकी असेल तर आठ तास भिजवा, पाच मिनिटं उकळून ते पहिलं पाणी फेकून द्या. त्या पाण्यात तुरटपणा उतरतो. चवळीला ही पायरी लागत नाही.

शिजवताना खान्देशातली खरी अडचण पाण्याची. पुष्कळ गावांत बोअरचं पाणी जड आहे, भांड्याच्या आतून पांढरा थर बसतो. या पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून चार शिट्ट्यांनंतरही दाणा करकरीत राहतो. भिजवायला आणि शिजवायला दोन्हींना फिल्टरचं पाणी घ्या. ते नसेल तर भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर, खरंच चिमूटभर, खाण्याचा सोडा टाका आणि शिजवण्याआधी दाणे धुऊन घ्या. सोडा जास्त झाला की साली फाटतात, वास येतो आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. पौष्टिक करायला निघून तेवढं घालवायचं कशाला?

गूळ शिजताना घालायचा नाही. पुरण करणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही, पण केक म्हटल्यावर लोक सगळं एकत्र टाकतात. दाणा मऊ होण्याआधी गूळ पडला की साल आवळते आणि मग कितीही उकळा, आत खडा राहतो.

चवळी ४५० मिली पाण्यात, दोन थेंब तेल टाकून, कुकरच्या एका शिट्टीनंतर मंद आचेवर सहा-सात मिनिटं. अझुकीला दोन शिट्ट्या आणि मग दहा-बारा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम खदखदतं आणि निम्मे दाणे फुटतात. तयार दाणा अंगठा आणि बोटात दाबला की कण न लागता चपटा व्हावा आणि साल मात्र शाबूत असावी. कुकर किंवा स्टीलचंच भांडं वापरा. लोखंडी कढईत लाल दाण्यांमधलं टॅनिन लोखंडाशी मिळून पाणी काळपट करतं.

दाणे गाळून घ्या, पाणी ठेवा. शिजलेले दाणे ३३० ते ३५० ग्रॅम भरतील. पाणी २३० मिली हवं. कमी असेल तर साधं पाणी घालून भरा, जास्त असेल तर आटवा.

पीठ

इथे मूळ वस्तू आहे चिकट तांदूळ. सगळ्या तांदळाच्या पिष्टात (स्टार्चमध्ये) दोन प्रकारचे रेणू असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. चिकट तांदळात अमायलोज नावापुरतं असतं, म्हणून तो शिजला की रबरासारखा ताणतो आणि थंड झाल्यावरही मऊ राहतो. कोलम किंवा बासमतीसारख्या मोकळ्या शिजणाऱ्या तांदळात अमायलोज भरपूर. त्याचा केक पहिल्या दिवशी ठीक लागतो आणि दुसऱ्या दिवशी खडूसारखा होतो. आसामचा बोरा साऊल हा खरा चिकट तांदूळ आहे, मिळाला तर उत्तम. नाहीतर इंद्रायणी घ्या आणि त्याच्या जोडीला साबुदाणा. इंद्रायणी अर्धाच चिकट, उरलेला ताण साबुदाण्यातून येतो.

प्रमाण: इंद्रायणीचं पीठ १२० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ४० ग्रॅम. बोरा साऊलचं पीठ असेल तर ते १२० ग्रॅम आणि साधं तांदळाचं पीठ ४० ग्रॅम. मग साबुदाणा नको, नाहीतर वडी दाताला चिकटते.

पीठ मोदकाच्या पिठासारखंच करायचं: तांदूळ धुऊन चार तास भिजवून, फडक्यावर सावलीत वाळवून, दळून. गिरणीत देणार असाल तर आधी कुणाचं काय दळलंय ते विचारा. आपल्याकडे गिरणीत दिवसभर ज्वारी, बाजरी आणि कळणा (भाकरीसाठी ज्वारीत उडीद मिसळून दळतात तो) चालू असतो. त्याच्या पाठोपाठ तांदूळ टाकला की पिठात करडे ठिपके येतात आणि केकला कळण्याचा वास. एवढ्याशा पिठासाठी मिक्सर पुरतो. तांदूळ न वाळवता ओलाच वाटायचा असेल तर १२० ग्रॅम कोरडा तांदूळ मोजून भिजवा, निथळा, आणि पुढे दिलेल्या गार पाण्यातून ३५ मिली कमी करा, कारण तेवढं पाणी तांदळानं आधीच पिऊन घेतलेलं असतं. साबुदाणा कढईत नुसता गरम करून, रंग बदलू न देता, गार झाल्यावर वाटा आणि बारीक चाळणीनं चाळा. चाळला नाही तर केकमध्ये कणी राहते.

फाल्गुन-चैत्रात कुरडया चालू असतील तर साबुदाण्याऐवजी गव्हाचा चीक घ्या. चिनी स्वयंपाकात गव्हाचं सत्त्व रोजच्या वापरातलं आहे. वाफवल्यावर ज्यातून आतलं सारण दिसतं त्या पारदर्शक पाऱ्या त्याच्याच असतात. आपला चीक म्हणजे तीच वस्तू, फक्त तीन दिवस भिजल्यामुळे आंबूस. कुरडईला तो आंबूसपणा शोभतो, इथे नाही. म्हणून खाली बसलेला चीक दोनदा ताज्या पाण्यात ढवळून, बसू देऊन, वरचं पाणी ओतून टाका. ओला चीक ७० ग्रॅम घ्या आणि गार पाणी ३० मिली कमी करा. त्यात थोडं ग्लूटेन राहतं, तेव्हा गहू वर्ज्य असलेल्यांना हा केक चालणार नाही.

शिंगाड्याचं पीठही साबुदाण्याच्या जागी बसतं. चीनमध्ये ज्याला पाणशिंगाडा म्हणून या केकमध्ये घालतात ती वनस्पती निराळी, पाण्यातल्या गवताचा कंद आहे. पण थिजण्याच्या बाबतीत दोन्ही पिठं सारखी वागतात. शिंगाड्यानं वडी ठिसूळ-गुळगुळीत होते, चिवट होत नाही. ज्यांना दातांचा त्रास आहे त्यांच्यासाठी हा प्रकार बरा.

आणि हो, ज्वारीचं पीठ. ‘पौष्टिक’ म्हटलं की तांदूळ काढून ज्वारी घालायचा मोह होतो. ज्वारीच्या पिठाला भाकरीपुरता ताण येतो तो गरम पाण्यानं आणि हातानं मळून. वाफेवर ते सुटं होतं आणि वडी उचलताना मोडते. १२० ग्रॅममधले ३० ग्रॅमपर्यंत ज्वारी खपते, तीही मैद्याच्या चाळणीनं चाळून. त्यापुढे केक राहत नाही, उपमा होतो.

बाकीचं सामान

गूळ ८० ग्रॅम, किसलेला
मीठ पाव चमचा
गार पाणी १५० मिली
दाण्यांचं पाणी २३० मिली
वाळवलेली संत्र्याची साल, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, पांढरा भाग खरवडून
भांड्याला लावायला अर्धा चमचा तेल, किंवा केळीचं पान

संत्र्याची साल ही हौस नव्हे. ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुई भागातली जुनी वाळवलेली साल चीनमध्ये नावाजलेली आहे आणि तिकडे लाल दाण्यांच्या खिरीत ती हमखास पडते. कडू-सुगंधी चवीमुळे कमी गोडातही पदार्थ सपक लागत नाही. साल दाण्यांबरोबरच कुकरमध्ये टाका, नंतर काढून घ्या. वेलची-जायफळ मात्र घालू नका. वेलची पडली की जिभेला तो पुरणाचा केक वाटतो, आणि पुरण खायचं तर आपल्या खापराच्या पोळीची सर कशाला येणार आहे?

वजनकाटा हवाच. वाटीनं मोजण्यात पीठ दाबून भरलं की हलक्या हातानं, यावर वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो आणि एवढ्यात केक दगड किंवा लापशी होतो.

करायची रीत

आधी वाफेची तयारी. ढोकळ्याचं भांडं किंवा मोठा गंज, तळाला कडं, त्यावर चाळण. दीड लिटर पाणी घालून उकळत ठेवा. पाण्यात एक नाणं टाका: ते खडखडत असेपर्यंत पाणी आहे, आवाज थांबला की पाणी संपत आलं. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेंब थेंब केकवर पडून वर चिकट खड्डे होतात.

केकसाठी १८ सेंटिमीटर व्यासाचं, किमान पाच सेंटिमीटर उंच स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं सपाट भांडं. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या पानाला तोटा नाही. पान गॅसवरून फिरवून मऊ करा आणि चकचकीत बाजू वर ठेवून अंथरा. मलेशियातले चिनी लोक नव्या वर्षाचा गाओ केळीच्या पानातच वाफवतात, त्यामुळे यात काही उसनं जोडकाम नाही. न शेकलेलं पान घडी घालताना चिरतं आणि मिश्रण खाली उतरतं.

शिजलेल्या दाण्यांतला एक तृतीयांश भाग डावानं चेचून घ्या. पार पेस्ट नको. पुरणयंत्रातून काढायची गरज नाही. तंतू सालीतच असतात. हा चेचलेला भाग केकच्या पिठात मिसळतो, त्यामुळे दाणा नसलेल्या घासातही दाण्याची चव येते आणि गूळ कमी घातल्याचं जाणवत नाही.

दोन्ही पिठं आणि मीठ १५० मिली गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि दहा मिनिटं ठेवा. दुसरीकडे दाण्यांचं पाणी आणि गूळ गरम करा, गूळ विरघळला की गाळा. गुळात कचरा असतोच. पुन्हा गॅसवर ठेवा, चेचलेले दाणे घाला आणि चांगली उकळी आणा.

आता या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं. पीठ तळाशी बसलेलं असतं, ते ढवळून वर आणा आणि उकळतं गुळाचं पाणी एका हातानं बारीक धारेनं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. मिश्रण डोळ्यांदेखत दाटतं. हे म्हणजे अर्धवट उकड काढणंच. इडलीच्या पिठापेक्षा किंचित दाट, डाव उलटा केला तर त्याच्या पाठीवर थर राहील इतपत झालं की थांबायचं. एक अख्खा दाणा वर ठेवून पाहा: तो तरंगत राहिला तर बरोबर, हळूहळू बुडाला तर अजून पातळ आहे. थंडीत, पाणी बर्फासारखं असतं तेव्हा, मिश्रण ६५ अंशांच्याही खाली राहतं आणि पिष्ट फुगतच नाही. मग तेच भांडं मंद आचेवर धरून मिनिटभर ढवळा. कडेला गोळे धरू लागले की लगेच उतरवा.

उरलेले अख्खे दाणे हलक्या हातानं मिसळा, मूठभर वर पसरायला ठेवा. भांड्यात ओता, भांडं ओट्यावर दोनदा आपटा, वरचे दाणे पसरा. पाणी खदखदत असतानाच आत ठेवा आणि मध्यम-मोठ्या आचेवर ४० ते ४५ मिनिटं वाफवा. पाणी घालावं लागलं तर उकळतंच घाला.

झाला की नाही हे काडीनं कळत नाही. शिजलेलं चिकट पीठही काडीला लागतं, आणि त्या भीतीनं लोक तासभर वाफवत बसतात. रंग पाहा. कच्चं पीठ पांढुरकं आणि अपारदर्शक, शिजलेलं पीठ काचेसारखं तपकिरी. मधोमध सुरीच्या टोकानं जरा उकरा. आत पांढरी रेघ दिसली तर आणखी दहा मिनिटं.

झाकण काढून पाच मिनिटं तसंच ठेवा म्हणजे वरचा ओलावा उडतो. मग बाहेर काढा आणि चार तास हात लावू नका. गरम केक कापला तर तो खळीसारखा सुरीला येतो. पिष्टाचं जाळं थंड होतानाच बसतं. पूर्ण गार झाल्यावर कडेनं सुरी फिरवून उलटा करा. सुरी प्रत्येक कापाला ओली करून पुसा, आणि दाबून खाली न्या, करवतीसारखी ओढू नका.

यातून साधारण ९५० ग्रॅमचा केक आणि बारा वड्या होतात. एका वडीत सुमारे ११५ उष्मांक, पावणेसात ग्रॅम गूळ आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास पाच टक्के. २००० उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, आणि गूळही त्यातच मोजायचा. दोन वड्यांवर थांबणं शहाणपणाचं. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा, तांदूळ आणि साबुदाणा यांचं पिष्टही साखरच होणार आहे. वडी भाकरीच्या ऐवजी खायची, भाकरीवर नाही.

बिघडतं ते कुठे

दाणे सगळे तळाशी आणि वर नुसतं पीठ: मिश्रण दाटवलं नाही. तळाशी टणक पांढरा थर आणि वर लिबलिबीत जेली: तेच कारण, शिवाय ओतण्याआधी ढवळलेलं नाही.

कापताना चुरा होतो त्याची कारणं तीन. दाणे जास्त झाले, पीठ मोकळ्या तांदळाचं होतं, किंवा दाणे कमी शिजले. दाण्यांचा लोभ इथे नडतो. १६० ग्रॅम पिठाला १८० ग्रॅम कोरड्या दाण्यांच्या पुढे गेलात तर प्रत्येक दाण्याभोवती पिठाचा पुरेसा लेपच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी कडक होणं हा बिघाड नव्हे, पिष्टाचा स्वभाव आहे. शिळी भाकरी कडक होते त्याच कारणानं. फ्रिजमध्ये हे आणखी वेगानं होतं. पाच-सहा मिनिटं पुन्हा वाफवलं की वडी पहिल्यासारखी. पण गूळ ५० ग्रॅमच्या खाली आणला असेल तर वाफवूनही ती पटकन परत कडक होते, कारण पाणी धरून ठेवायचं काम गूळही करत असतो. म्हणून ‘बिनसाखरेचा’ केक या रीतीनं होत नाही.

खजूर चालतो का? चालतो: ९० ग्रॅम बिनबियांचा खजूर दाण्यांच्या गरम पाण्यात भिजवून वाटा, गूळ पूर्ण काढा, वाफ दहा मिनिटं वाढवा. साखर थोडीच कमी होते, तंतू वाढतात, रंग काळपट येतो. पिकलं केळं घालायचं असेल तर १०० ग्रॅमच्या वर नको. गूळ ५० ग्रॅम करा आणि गार पाणी ७० मिली कमी करा. दळदार, ठिपके पडलेलं केळं गोडाला चांगलं, पण जास्त झालं की वडी थिजत नाही, चमच्यानं खावी लागते.

वाट्यांचा प्रकार आणि साठवण

याच मिश्रणाचा हाँगकाँगच्या रस्त्यांवर मिळणारा धाकटा भाऊ म्हणजे बुटजाईगो, छोट्या वाडग्यांत वाफवलेला आणि बांबूच्या दोन काड्यांवर उचलून खायचा. मुळात तो ग्वांगडोंगमधल्या ताइशानचा. घरच्या आमटीच्या स्टीलच्या वाट्या त्याला अगदी योग्य. वाट्या आधी रिकाम्याच पाच मिनिटं वाफेत तापवा, तेलाचं बोट फिरवा, मग दोन बोटं उंचीपर्यंत मिश्रण ओता. तापलेल्या वाटीत पीठ लगेच धरतं, दाणे बुडत नाहीत. १८ ते २० मिनिटांत होतो, तासाभरात निघतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं मोठ्या केकऐवजी इथूनच सुरुवात करावी. बिघडली तर एक वाटी बिघडते.

हिवाळ्यात केक झाकून दिवसभर बाहेर राहतो, उन्हाळ्यात गार झाला की लगेच खाऊन टाका किंवा फ्रिजमध्ये ठेवा. कडधान्य आंबलं की आधी वास येत नाही, वडीच्या कडेला बुळबुळीतपणा येतो. तो दिसला की फेका. फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात तीन दिवस. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर वड्या सुट्या करून, मध्ये बटर पेपर घालून, महिनाभर. खाताना न वितळवता थेट वाफेवर दहा-बारा मिनिटं. नव्या वर्षाचा उरलेला गाओ चिनी घरांत तव्यावर परततात. आपल्या बिडाच्या तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं ठेवलं की बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो. उलटताना घाई करू नका, पहिली बाजू सुटल्याशिवाय उलथनं घातलं तर अर्धी वडी तव्यालाच राहते.